अमेरिकेत एवढा पैसा असून रग्बीची प्रोफेशनल लीग का डळमळते, आणि आपल्याकडे १५ जणांची लीग कधी होईल

साताऱ्याच्या एका पोराने विचारलंय, "दादा, मी कॉलेजात रग्बी खेळतो, प्रॉप आहे. मागच्या वर्षी मुंबईतली रग्बी प्रीमियर लीग बघितली, पण ती सेव्हन्सची होती. पंधरा जणांची पूर्ण लीग आपल्याकडे का नाही काढत? आणि अमेरिकेत मेजर लीग रग्बी आहे तर तिथले संघ दर वर्षी बंद का पडतात, तिथे पैशाची काय कमी?"

प्रश्न चांगला आहे. बाकी वाचणाऱ्यांसाठी: स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून चेंडूसाठी ढकलतात तो, प्रॉप म्हणजे त्यात पहिल्या रांगेच्या कडेला उभा राहणारा, आणि सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांची रग्बी. मी पुण्यात खेळायला लागलो, मग नोकरीसाठी अमेरिकेत आलो, इथे वीसेक वर्षं क्लब रग्बीत कोचिंग केलं आणि त्यातली काही वर्षं एका प्रोफेशनल संघाचं मॅच-डे आणि ट्रॅव्हलचं काम बघितलं. संघाचं नाव घेत नाही. जे सांगतोय ते त्या कामातून कळलेलं आहे. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी मुळाशी जाऊ. लोक लीगचा विचार मालक, स्पॉन्सर, टीव्ही इथून सुरू करतात. मी म्हणतो शरीरापासून सुरू कर. पंधरा जणांची ८० मिनिटांची मॅच खेळल्यावर पॅकमधल्या, म्हणजे स्क्रम ढकलणाऱ्या आठ जणांतल्या माणसाला पुन्हा पूर्ण ताकदीने उभं राहायला आठवडा लागतो, म्हणजे शनिवारी खेळलास तर पुढच्या शनिवारीच. कबड्डीत तसं नाही, प्रो कबड्डीत एक दिवस सोडून मॅच होऊ शकते, आयपीएलमध्ये तर दोन महिन्यांत प्रत्येक संघ किमान १४ मॅच खेळून मोकळा होतो. रग्बीत १६ मॅचची लीग म्हणजे कमीत कमी १६ आठवडे, मधे एखादी सुट्टी, शेवटी प्लेऑफ, आणि सुरुवातीला सहा ते आठ आठवड्यांचा प्रीसीझन, कारण त्याशिवाय स्क्रममध्ये माणूस घालणं धोक्याचं. झाले की नाही सहा महिने? आणि १६ पैकी घरच्या मॅच किती, तर ८. म्हणजे सहा महिने पगार, राहणं, खाणं, इन्शुरन्स, फिजिओ, ट्रेनिंगचं मैदान हे सगळं चालू ठेवायचं आणि गेटवर पैसे यायचे फक्त ८ दिवस. हा हिशेब जगात कुठल्याही देशात बदलत नाही, आणि ज्याने तो कळायच्या आधी संघ विकत घेतला तो दोन-तीन वर्षांत बाहेर पडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आकडे गृहीत धरून बघ, हे कुठल्या एका संघाचे नाहीत, नुसते समजायला. ४,००० माणसं, सरासरी २५ डॉलरचं तिकीट, ८ मॅच. झाले ८ लाख डॉलर. त्यातून स्टेडियमचं भाडं, सिक्युरिटी, अँब्युलन्स गेली. मग ३५-४० खेळाडू, कोच, ऑफिसचा स्टाफ. मग प्रवास. बोस्टनहून सॅन दिएगो म्हणजे ४,००० किलोमीटरच्या वर, मॅचला २३ खेळाडू आणि वर स्टाफ धरून ३० च्या पुढे माणसं, येता-जाता विमान, दोन-तीन रात्री हॉटेल, आणि हे फॉरवर्ड लोक जेवतात किती ते तुला माहितीच आहे. युरोपात बरेच क्लब बसने जाऊन येतात, अमेरिकेत ती सोयच नाही. टीव्हीवर मॅच दिसते म्हणजे टीव्हीवाला पैसे देतो असं लोकांना वाटतं, छोट्या लीगला ते पैसे फारसे मिळत नाहीत, दिसणं हेच मोबदला समजायचं. राहिलेला खड्डा मालक भरतो.

आता हे डोक्यात ठेवून अमेरिकेचा इतिहास बघ. २०१६ ला पहिल्यांदा प्रो रग्बी नावाची स्पर्धा झाली, ५ संघ, डेनव्हर, ओहायो, सॅक्रामेंटो, सॅन दिएगो, सॅन फ्रान्सिस्को. सगळ्या संघांचा मालक एकच माणूस. न्यूझीलंडचा मिल्स मुलियाइना सॅन फ्रान्सिस्कोकडून खेळला, डेनव्हर जिंकलं, आणि एका सीझननंतर मालकाचं राष्ट्रीय संघटनेशी फाटलं आणि सगळं संपलं. खेळाडू घरी.

पण त्यातून एक चांगली गोष्ट झाली, वेगवेगळ्या शहरातल्या क्लबवाल्यांनी ठरवलं की आता एकावर अवलंबून राहायचं नाही, आपणच एकत्र येऊ. २०१७ ला मेजर लीग रग्बी स्थापन झाली आणि २०१८ ला ७ संघांनी खेळायला सुरुवात केली: सिएटल, ग्लेंडेल, सॅन दिएगो, यूटा, ऑस्टिन, ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स. यातले बरेच जुन्या हौशी क्लबांच्या अंगावर उभे होते, आणि माझ्या मते ती पहिली दोन वर्षं या लीगची सगळ्यात निरोगी वर्षं होती. सिएटलचंच बघ. पहिल्या सीझनला त्यांच्या मुख्य कोचला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा कॅनडाचा स्क्रमहाफ फिल मॅक हा खेळाडूच कोच झाला आणि त्याने संघाला चॅम्पियन केलं, फायनलला ग्लेंडेलला २३-१९ ने हरवून. पुढच्या वर्षी पुन्हा सिएटल, सॅन दिएगोवर २६-२३. स्टारफायर म्हणून चार-साडेचार हजारांचं छोटं मैदान आहे त्यांचं, आणि ते भरायचं. चार हजारांचं मैदान भरलेलं असणं आणि वीस हजारांच्या स्टेडियममध्ये तेच चार हजार विखुरलेले असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, खेळाडूला, कॅमेऱ्याला, आणि पुढच्या वेळी तिकीट घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या बापाला.

मग आली नावं, परदेशी राष्ट्रीय संघांतून खेळलेले मोठे खेळाडू. बेन फोडेन न्यूयॉर्कला आला, २०२० ला मा नोनू सॅन दिएगोला, बास्तारो न्यूयॉर्कला, टेंडाई म्टावारिरा वॉशिंग्टनच्या ओल्ड ग्लोरीला. मी बीस्टचा, म्हणजे म्टावारिराचा चाहता, मला आनंदच झाला होता. पण त्याच वर्षी कोविड आला, सीझन रद्द, आणि मार्च २०२० च्या शेवटी राष्ट्रीय संघटना यूएसए रग्बीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे वर लीग वाढतेय आणि खाली जिने कोच, रेफरी, शाळा सांभाळायच्या ती संस्थाच आडवी झालेली. याची फळं पुढे दिसली, सांगतो.

२०२१ ला लॉस एंजेलिसचा नवा संघ आला, जिल्टिनीज. मॅट गिटो, अ‍ॅडम अ‍ॅशली-कूपर असे ऑस्ट्रेलियाकडून खेळलेले लोक, पहिल्याच वर्षी चॅम्पियन, अटलांटावर ३१-१७. मालक अ‍ॅडम गिलख्रिस्ट, आपला क्रिकेटवाला नव्हे हां, जिमच्या धंद्यातला ऑस्ट्रेलियन उद्योजक. ऑस्टिनचा संघही त्याचाच. पुढच्याच वर्षी, २०२२ ला, दोन्ही संघ गुणतक्त्यात वर असताना पगार-मर्यादेचे नियम मोडल्याबद्दल प्लेऑफमधून बाद केले गेले आणि नंतर दोन्ही गेलेच. त्या वर्षी चॅम्पियन झालं न्यूयॉर्क, सिएटलला ३०-१५ ने हरवून. २०२३ चा सीझन संपल्यावर न्यूयॉर्क पण बंद. थांबून विचार कर जरा, २०२१ चा चॅम्पियन आज नाही, २०२२ चा चॅम्पियन आज नाही, पहिल्या फायनलमधलं ग्लेंडेल तर २०२० लाच लीगमधून बाहेर पडलं होतं. म्हणजे जिंकण्याचा आणि टिकण्याचा इथे संबंधच राहिला नाही. टोरोंटोचे प्रमुख मालक २०२३ ला वारले आणि बघता बघता संघच बंद झाला, इतका तो एका माणसाच्या खांद्यावर होता. अटलांटा उचलून लॉस एंजेलिसला नेलं. डॅलस २०२२ ला उतरलं, पहिल्या सीझनला १६ च्या १६ हरलं, मग चिकाटीने सुधारलं, २०२४ ला प्लेऑफपर्यंत गेलं, आणि त्यानंतर बंद. त्या पोरांसाठी मला खरंच वाईट वाटलं. २०२२ ला १३ संघ होते, २०२५ ला ११ उरले, आणि त्या सीझननंतर न्यू ऑर्लिन्स आणि मायामी गेले, सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिस एकत्र करून कॅलिफोर्निया लीजन केलं.

तू म्हणतोस पैशाची काय कमी. पैशाची कमी कधीच नव्हती. कमी होती ती मधल्या थराची. म्हणजे काय ते माझ्याच एका प्रसंगावरून सांगतो.

एका सीझनला बुधवारच्या ट्रेनिंगमध्ये आमच्या टाइटहेडचा, म्हणजे उजव्या बाजूच्या प्रॉपचा, गुडघा गेला, दुसरा आधीच जखमी होता. शनिवारी मॅच. तुला प्रॉप म्हणून माहिती असेलच पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, स्क्रमच्या पहिल्या रांगेत कुणालाही उभं करता येत नाही, मानेचा आणि मणक्याचा प्रश्न असतो, म्हणून २३ जणांच्या संघात पहिल्या रांगेचं शिक्षण असलेले सहा जण लागतात, आणि मैदानावर शिकलेला माणूस उरला नाही तर स्क्रम ढकलायचेच नाहीत, नुसते टेकायचे, म्हणजे खेळाचा जीवच गेला. विंगर शोधायला अमेरिकेत वेळ लागत नाही, कॉलेज फुटबॉलमधून धावणारे हवे तेवढे मिळतील. टाइटहेड? गुरुवारी दिवसभर फोन केले. शेवटी तीन तासांवरच्या एका हौशी क्लबचा प्रॉप सापडला, इलेक्ट्रिशियन होता, शुक्रवारची रजा टाकून गाडी चालवत आला, संध्याकाळी हलक्या सरावात कॉल पाठ केले आणि शनिवारी ६० मिनिटं स्क्रम धरून ठेवला. तो माणूस कुठून आला? कुठल्या फ्रँचायझीने नाही बनवला त्याला, एका गावातल्या क्लबने बारा वर्षं मंगळवार-गुरुवार दिव्याखाली बनवला. आमच्या संघाने त्या क्लबला त्याबद्दल काय दिलं? एक जर्सी आणि चार तिकिटं. मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं की आपण या क्लबांच्या कोचचा खर्च तरी उचलू, उत्तर मिळालं की पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष काही आलं नाही.

हाच माझा मुद्दा आहे, बाकी सगळं त्याच्या भोवती. पंधरा जणांची लीग क्लबांच्या वर उभी राहते, आणि खाली क्लब नसतील तर प्रत्येक खेळाडू विकत आणावा लागतो, तोही परदेशातून, आणि मग खर्च मालकाच्या सहनशक्तीवर चालतो. अमेरिकेचा राष्ट्रीय संघ नोव्हेंबर २०२२ ला पोर्तुगालशी १६-१६ बरोबरीत अडकला आणि २०२३ च्या वर्ल्ड कपला मुकला, तेव्हा लीग पाच वर्षांची झाली होती. मग वर्ल्ड रग्बी, यूएसए रग्बी आणि लीगने मिळून २०२४ ला अँथम नावाचा संघ काढला, फक्त अमेरिकेसाठी खेळू शकणाऱ्या पोरांना मॅच मिळाव्यात म्हणून. पहिल्या वर्षी १६ पैकी १६ हरले. लोकांनी टिंगल केली, मला ती आवडली नाही, कारण उद्देश बरोबर होता, फक्त तो दहा वर्षं उशिरा आणि वरच्या मजल्यावरून सुरू झाला. २०३१ चा पुरुषांचा आणि २०३३ चा महिलांचा वर्ल्ड कप अमेरिकेत आहे, वेळ कमी आहे.

या सगळ्यात न्यू इंग्लंडचे फ्री जॅक्स मात्र २०२३, २०२४, २०२५ असे सलग तीनदा जिंकले आणि टिकलेत. बोस्टनजवळ क्विन्सीमध्ये म्युनिसिपालिटीचं जुनं मैदान, मॅचच्या दिवशी जत्रेसारखं वातावरण, आजूबाजूला कॉलेजं आणि जुने क्लब. ह्यूस्टननेही एक गोष्ट योग्य केली होती, स्वतःचं छोटं स्टेडियम बांधलं, शहराने त्यात पैसे घातले, २०१९ ला उघडलं. स्वतःचं मैदान असलं की भाडं जात नाही, शिवाय आठवड्यातले बाकी दिवस शाळांच्या, क्लबांच्या मॅच तिथेच होतात.

फक्त अमेरिकेलाच दोष देऊ नकोस. इंग्लंडमध्ये तर क्लब शंभर-दीडशे वर्षांचे, ऑगस्ट १९९५ ला खेळ प्रोफेशनल झाला, आणि २७ वर्षांनी २०२२ च्या शरदात वूस्टर आणि वॉस्प्स एकाच सीझनमध्ये कोसळले, २०२३ ला लंडन आयरिश. १३ संघांची प्रीमियरशिप १० वर आली. तिथे क्लब होते, पण पगार गेटच्या पुढे पळाले. फ्रान्समध्ये यावर एक इलाज आहे, क्लबांचे हिशेब तपासणारी स्वतंत्र यंत्रणा आहे आणि ताळेबंद जमला नाही तर मैदानावर कितीही जिंका, खालच्या विभागात ढकलतात. कठोर वाटतं, पण मला तेच बरोबर वाटतं.

आपल्याला सगळ्यात शिकण्यासारखं मात्र जपान आहे. तिथले संघ कंपन्यांचे, तोशिबा, सनटोरी, पॅनासॉनिक, कुबोटा, टोयोटा, कोबे स्टील. खेळाडू बरेचसे कंपनीचे नोकर, सकाळी ऑफिस, दुपारी ट्रेनिंग, खेळणं संपलं तरी नोकरी आहे. २००३ ला टॉप लीग सुरू झाली तेव्हा लगेच सगळे प्रोफेशनल केले नाहीत, १२ वर्षांनी २०१५ ला ब्रायटनला त्यांनी दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ ने हरवलं, २०१९ ला घरच्या वर्ल्ड कपला क्वार्टर फायनल गाठली, आणि मग २०२२ ला तीन विभागांची लीग वन. म्हणजे १९ वर्षं. कंपनीचं मन बदललं की तिथेही संघ बंद होतो, कोका-कोलाचा २०२१ ला झाला, सॅनिक्सचा २०२२ ला. पण खाली शाळा आणि विद्यापीठांची रग्बी इतकी घट्ट आहे की एक-दोन संघ गेले तरी लीग हलत नाही. मुंबईत जुन्या लोकांना हे मॉडेल नवीन नाही, आपली कबड्डी वर्षानुवर्षं महिंद्रा, बँका, पोलीस, रेल्वे अशा नोकरी देणाऱ्या संघांनीच जगवली, आणि २०१४ ला प्रो कबड्डी आली तेव्हा तिला खेळाडू आयते मिळाले. कुणी म्हणतं टीव्हीने कबड्डी मोठी केली, टीव्हीने दाखवली, मोठी आधीच मैदानांवर झाली होती.

आता आपली लीग. जून २०२५ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी इंडिया आणि जीएमआरने ६ संघ उतरवले, १५ ते २९ जून, दोन आठवड्यांत ३४ मॅच, चेन्नई बुल्सने फायनलला दिल्ली रेड्झला ४१-० ने हरवलं. पेरी बेकर, स्कॉट करी असे सेव्हन्समधले मोठे लोक मुंबईच्या पावसात आपल्या पोरांबरोबर खेळले. काही जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली की ही खरी रग्बी नाही. मी त्यांच्याशी सहमत नाही. वर शरीराचा हिशेब सांगितला तो इथे लाव: सेव्हन्समध्ये एका दिवसात दोन मॅच होऊ शकतात, स्क्रम तीन-तीन जणांचा, संघ छोटा, सगळे एकाच शहरात, एकाच मैदानावर, प्रवास शून्य. सहा महिन्यांचा पगार दोन-तीन आठवड्यांवर आला. शिवाय ऑलिम्पिकमध्ये सेव्हन्सच आहे, म्हणजे सरकारी मदतीचं दारही तिकडूनच उघडतं. आपल्या आजच्या ताकदीला हाच निर्णय योग्य होता.

पण सेव्हन्समधून तुझ्यासारखा प्रॉप तयार होत नाही, हेही तितकंच खरं. दुसऱ्या रांगेतला लॉक नाही, आठ-आठ जणांचा स्क्रम नाही. म्हणून सेव्हन्सची लीग चालू ठेवून खाली पंधरा जणांची वेगळी साखळी वाढवायला हवी, आणि तिला प्रोफेशनल म्हणायची घाई करायची नाही. आपल्याकडे मूळ कमी नाहीये. कलकत्त्याला १८७२ ला रग्बी खेळली गेली, तिथला क्लब बंद झाला तेव्हा शिल्लक चांदीचे रुपये वितळवून केलेल्या कपासाठी आजही इंग्लंड आणि स्कॉटलंड खेळतात. ऑल इंडिया अँड साउथ एशिया स्पर्धा १९२४ पासून आहे. बॉम्बे जिमखाना आहे, कोलकात्याचे क्लब आहेत, आर्मीचे संघ आहेत, भुवनेश्वरला कलिंग इन्स्टिट्यूटची आदिवासी पोरं २००७ ला लंडनला जाऊन १४ वर्षांखालची जागतिक शालेय स्पर्धा जिंकून आली.

माझ्या हातात असतं तर मी काय केलं असतं? आठ संघ, पण फ्रँचायझी नाहीत, आहेत तेच क्लब आणि सर्व्हिसेसचे संघ. दोन गट, पूर्वेचा आणि पश्चिमेचा, म्हणजे प्रवास रात्रीच्या ट्रेनचा, विमान फक्त शेवटच्या फेरीला. डिसेंबर ते फेब्रुवारी, थंडीत, कारण मे महिन्यात विदर्भात कुणी ८० मिनिटं स्क्रम करू शकत नाही आणि मुंबईच्या जुलैत मैदान राहत नाही. खेळाडूंना पगार नाही, पण नोकरीतून रजा, इन्शुरन्स आणि प्रवास-जेवण पूर्ण. इन्शुरन्स सगळ्यात आधी. आणि जो पैसा जमेल त्यातला मोठा भाग कोच आणि रेफरींना, विशेषतः पहिल्या रांगेचं तंत्र शिकवणाऱ्या माणसांना. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत मान आणि कंबर तयार असलेली पोरं आहेत, कुस्तीत खालच्या वजनगटात उतरता येत नाही म्हणून मागे पडलेली. त्यांना स्क्रम कसा बांधायचा हे नीट, सुरक्षितपणे शिकवणारा एक माणूस प्रत्येक जिल्ह्यात उभा करायला मालक लागत नाही, दर आठवड्याला येणारा माणूस लागतो. असं आठ-दहा वर्षं चाललं की मग फ्रँचायझीवाले आपणहून विचारायला येतील, आणि तेव्हा त्यांच्याशी कोणत्या अटींवर बोलायचं हे क्लब ठरवतील.

तुझ्यापुरतं सांगतो. तू टाइटहेड आहेस की लूजहेड ते लिहिलं नाहीस, दोन्ही बाजू शिकून घे, त्या माणसाला जगात कुठेही जागा आहे. मानेचे व्यायाम रोज, जड वजन टाकायच्या आधी. कॉलेज सुटल्यावर मुंबई किंवा पुण्यात नोकरी शोधताना क्लब जवळ असेल असं बघ. रेफरीचा पहिल्या पातळीचा कोर्स लागला की करून टाक. आणि तुमच्या कॉलेजात अजून किती जण पहिल्या रांगेत खेळतात आणि तुम्हाला शिकवतं कोण, तेवढं खाली लिही. मी डिसेंबरात घरी येतोय तीन आठवडे, साताऱ्याला दोन दिवस काढू शकतो, स्क्रम मशीन नसलं तरी चालेल, पोत्यांवर सुरुवात करू.